व्हॉल्व्ह कोणता, हा शेवटचा प्रश्न

शंभर वॅटचे चारशे वॅट केले, तर ऐकणाऱ्याच्या एस-मीटरचा काटा किती पुढं सरकतो? एक घर. ताकद चौपट झाली की सिग्नल ६ डेसिबलनं वाढतो आणि एस-मीटरवरचं एक घर ६ डेसिबलचंच धरलेलं आहे. भारतात जनरल ग्रेडचा परवाना असलेल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, एचएफवर चारशे वॅटची मर्यादा आहे. म्हणजे शंभर वॅटच्या ट्रान्सीव्हरमागं घरी बांधलेला ॲम्प्लिफायर जोडून, कायदा पाळून, जास्तीत जास्त मिळतं ते हे एवढंच. त्यासाठी माणसं दोन हजार व्होल्टचा पॉवर सप्लाय बांधतात, तांब्याच्या नळीची कॉइल वळतात, सुट्टीचे दिवस ड्रिल आणि कानशीत घालवतात. मला यात काहीही वावगं वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग जमायला लागले की ७ मेगाहर्ट्झवर विजांचा खडखडाट सुरू होतो. त्या खडखडाटात कोल्हापूरहून नागपूरला सांगितलेला निरोप अर्धा पोचणं आणि पूर्ण पोचणं, यातलं अंतर पुष्कळदा त्या एका घराचंच असतं.

असा ॲम्प्लिफायर, म्हणजे लिनियर, बांधायचा हे ठरलं की प्रत्येक नवा हॅम पहिला प्रश्न विचारतो तो व्हॉल्व्हचा. पुण्यातल्या एका ज्येष्ठ हॅमकडे मी हा प्रश्न अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. आयुष्य टेलिकॉममध्ये गेलेला हा माणूस. नाव छापू नका, म्हणाले. गच्चीवरच्या त्यांच्या खोलीत फळीवर व्हॉल्व्ह ओळीनं उभे असतात. नुकताच जनरल ग्रेडची परीक्षा पास झालेला साताऱ्याचा एक मुलगा त्यांना म्हणाला, “काका, ८१३ घेऊ की जीयू-५०?”

“अरे, ते सगळ्यात शेवटी. तुझी रिग किती वॅट देते? ट्रान्सफॉर्मर कोण गुंडाळून देणार? सॉकेट हातात आहे का? आणि कुठल्या पट्टीवर बोलायचंय?”

मुलगा गप्प झाला. खरं तर त्याला उत्तर मिळालं होतं. व्हॉल्व्ह एकटा येत नाही. त्याच्यासोबत त्याचा फिलामेंट ट्रान्सफॉर्मर येतो, त्याचं सॉकेट येतं, त्याला लागणारा वारा येतो, त्याच्या प्लेटला जुळणारी कॉइल येते. काचेची ती सुंदर वस्तू पाहून आधी ती घेणारा माणूस पुढची दोन वर्षं तिच्या मागण्या पुरवत बसतो.

सुरुवात रिगपासून, म्हणजे ट्रान्सीव्हरपासून, का, ते पाहू. ॲम्प्लिफायरला सिग्नल देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत ग्रिड थेट जमिनीला जोडायचं आणि सिग्नल फिलामेंटवर द्यायचा. याला ग्राउंडेड ग्रिड म्हणतात. ही पद्धत स्वभावानं शांत आहे. मधलं ग्रिड आउटपुट आणि इनपुट यांच्यात भिंत बनून उभं राहतं, त्यामुळे ॲम्प्लिफायर स्वतःच ऑसिलेट होण्याची भीती कमी. शिवाय रिगनं दिलेल्या ताकदीतला बराच भाग आउटपुटमध्ये जाऊन मिळतो. पण त्यासाठी ताकद लागते. पन्नास-साठ वॅट तरी हवेत. जपानी बनावटीची शंभर वॅटची रिग असेल तर हा रस्ता सरळ आहे.

आपल्याकडे मात्र हजारो लोकांनी हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स बांधला आहे. हाती मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांतून एसएसबी ट्रान्सीव्हर उभा करण्याचा तो आराखडा जगभर गेला. तो देतो पाच ते दहा वॅट. एवढ्यावर ग्राउंडेड ग्रिडचा ८१३ नीट जागाही होत नाही. तिथं दुसरी पद्धत लागते: सिग्नल ग्रिडवर द्यायचा. ८१३ ला एबी-१ वर्गात साधारण ९० व्होल्टचा निगेटिव्ह बायस लागतो आणि ग्रिडवर तेवढ्याच शिखराचा सिग्नल पुरतो. ग्रिड प्रवाह ओढत नाही, म्हणून ताकद जवळपास शून्य लागते. दहा वॅट ५० ओहमवर दिले तर शिखराचा व्होल्टेज भरतो सुमारे ३२. एकास तीन फेऱ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर फेराइटवर गुंडाळला आणि त्यापुढं ४५० ओहमचा रेझिस्टर ठेवला, की तोच सिग्नल ९५ व्होल्टला पोचतो. म्हणजे बिटएक्सच्या दहा वॅटमध्ये एक ८१३ पूर्ण चालतो आणि दोनशे वॅटच्या आसपास देतो. साताऱ्याच्या मुलाकडे बिटएक्सच होता. त्याला चारशे वॅटचं स्वप्न सोडून या वाटेनं जा, असं काकांनी सांगितलं, आणि मलाही ते पटलं. दहाचे दोनशे म्हणजे १३ डेसिबल. काट्याची दोन घरं ओलांडून वर.

आता उष्णतेचा हिशेब. हा कागदावर पाच मिनिटांत होतो आणि निम्मी नावं यादीतून खोडून टाकतो. लिनियरची कार्यक्षमता साठ-पासष्ट टक्के धरतात. चारशे वॅट बाहेर हवे असतील तर आत साडेसहाशेच्या आसपास द्यावे लागतात आणि उरलेले अडीचशे वॅट प्लेटवर उष्णता होऊन बसतात. तेवढी उष्णता पेलणारी प्लेट हवी. ८०७ ची प्लेट २५ ते ३० वॅट पेलते. ८११-ए ची ६५. जीयू-५० ची ४०. ८१३ ची हौशी वापरासाठी १२५. ५७२-बी ची १६०. ३-५००झेडची, नावातच आहे तशी, ५००. म्हणजे चारशे वॅटसाठी ८१३ ची जोडी काठावर बसते, ५७२-बी ची जोडी आरामात, ३-५००झेड एकटा पुष्कळ. जीयू-५० चार घेतले तरी १६० वॅटच होतात. बोलताना आवाजाला चढउतार असतात, मधे श्वास असतो, त्यामुळे सरासरी उष्णता खूप कमी भरते. म्हणून चार जीयू-५० वर लोक एसएसबीत तीनशे-साडेतीनशे वॅट काढतात. पण तोच माणूस संगणकाच्या डिजिटल मोडवर गेला, जिथं सिग्नल सलग चालतो, की काही सेकंदांत प्लेट लाल होतात. तुम्ही बोलणार आहात, मोर्स वाजवणार आहात की डिजिटलवर जाणार आहात, हा प्रश्न त्यासाठी आधी.

८०७ चं नाव घेतलं, तर त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. भारतातल्या जुन्या हॅम पिढीला याच व्हॉल्व्हनं आवाज दिला. आरसीएनं तो १९३० च्या दशकात काढला. रेडिओग्राममधल्या ६-एल-६ चा हा भाऊ, फक्त प्लेटची जोडणी डोक्यावर नेलेली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांत, जहाजांत, रणगाड्यांत तो लाखोंनी गेला. बारा व्होल्टच्या हीटरचा त्याचा जुळा १६२५ अमेरिकन विमानांच्या कमांड सेटमध्ये जोडीनं बसायचा. युद्ध संपलं आणि हे सगळं सामान सरप्लस म्हणून विकायला निघालं. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात पुढची कित्येक वर्षं या सेटांचे सांगाडे मिळत राहिले. एका ८०७ वर चाळीस-पन्नास वॅटचा एएम ट्रान्समीटर, मॉड्युलेटरमध्ये आणखी दोन ८०७, ही त्या काळातली पक्की रचना होती. आज तोच व्हॉल्व्ह चिनी बनावटीत ‘एफयू-७’ नावानं मिळतो. शिकायला अतिशय चांगला. सहाशे-सातशे व्होल्टवर चालतो आणि चुका सहन करतो. चारशे वॅटसाठी मात्र तो योग्य नाही. सहा-आठ ८०७ एकत्र बांधून तेवढी ताकद काढण्याचे आराखडे मी पाहिले आहेत, आणि त्यांतली प्रत्येक वाढीव जोडणी ऑसिलेशनला आमंत्रण देते.

८१३ चं मला विशेष प्रेम आहे, ते लपवत नाही. सुमारे १९ सेंटिमीटर उंच, मनगटाएवढा जाड, खाली सात जाड पायांचा बेस, वर टोपी. तोही युद्धातलाच. अमेरिकन विमानांतल्या एआरटी-१३ ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात एक ८१३ असायचा आणि त्याला मॉड्युलेट करायला ८११ ची जोडी. त्याचा फिलामेंट १० व्होल्टवर ५ अँपिअर घेतो आणि पांढरा-पिवळा झळाळतो. खोलीतला दिवा बंद केला तर त्या उजेडात वाचता येईल. हा झळाळ थोरियम मिसळलेल्या टंगस्टनचा. शुद्ध टंगस्टनमधून पुरेसे इलेक्ट्रॉन निघायला सुमारे अडीच हजार केल्व्हिन तापमान लागतं. दीड-दोन टक्के थोरियम ऑक्साइड मिसळलं की तेच काम दोन हजारांच्या आत होतं, कारण पृष्ठभागावर थोरियमचा एका अणूच्या जाडीचा थर जमतो आणि इलेक्ट्रॉन सहज सुटतात. हेच थोरियम केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत भरपूर सापडतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वाळू गॅसबत्तीच्या मेंटलसाठी जहाजांनी युरोपला जात होती.

थोरियम मिसळलेल्या या फिलामेंटचे दोन मोठे फायदे आहेत. बटण दाबल्यावर तो एक-दोन सेकंदांत तयार होतो. आणि तो राकट आहे. ऑक्साइडचा लेप दिलेले कॅथोड, म्हणजे जीयू-५०, ४-सीएक्स-२५०-बी, जीयू-७४-बी यांच्यातले, कमी तापमानाला चालतात, कमी वीज घेतात. पण थंड असताना हाय व्होल्टेज लागला किंवा आत जरा गॅस सुटला तर त्यांचा लेप झडतो आणि व्हॉल्व्ह कायमचा अशक्त होतो. ४-सीएक्स-२५०-बी ला किमान तीस सेकंद, जीयू-७४-बी ला अडीच मिनिटं तापू द्यावं लागतं. त्यासाठी टायमर, रिले, संरक्षणाचं सर्किट. ज्या गावात दिवसातून चारदा वीज जाते-येते तिथं ही बाब लहान नाही. फिलामेंटचा व्होल्टेज पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. मेन्स १९० आणि २५० च्या मध्ये झुलत असेल तर फिलामेंटपुरता वेगळा छोटा स्टॅबिलायझर लावणं मी तरी सक्तीचं मानतो. आणि तो व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला मोजून उपयोग नाही, सॉकेटच्या पायांवर मोजावा. ३-५००झेडला ५ व्होल्टवर साडेचौदा अँपिअर लागतात. एवढ्या प्रवाहाला वितभर बारीक वायरसुद्धा अर्धा व्होल्ट खाऊन टाकते.

पण ८१३ ला मर्यादा आहे, आणि ती प्रेमापोटी झाकली तर बांधणाऱ्याचं नुकसान होतं. जोडी २००० व्होल्ट आणि ३२५ मिलिअँपिअरवर चालवली तर प्लेटला दिसायला हवा तो लोड येतो ३८०० ओहमच्या जवळपास. प्लेट आणि अँटेना जुळवणाऱ्या पाय (π) नेटवर्कचा क्यू १२ धरला तर प्लेटकडच्या कंडेन्सरची किंमत ७ मेगाहर्ट्झवर सुमारे ७० पिकोफॅरड निघते, उत्तम. १४ वर ३५, ठीक. २८ वर येते जेमतेम १८. आता एका ८१३ चं स्वतःचं आउटपुट कपॅसिटन्सच १४ पिकोफॅरड आहे, जोडीचं २८. म्हणजे कंडेन्सर पूर्ण उघडला, नव्हे काढूनच टाकला, तरी हव्यापेक्षा जास्त कपॅसिटन्स तिथं आधीच बसलेलं. क्यू चढतो, कॉइलमध्ये प्रवाह वाढतो, कॉइल तापते आणि व्हॉल्व्हनं काढलेली ताकद तिथंच विरते. म्हणून ज्याला १० मीटरवर, म्हणजे २८ मेगाहर्ट्झवर, उतरायचं आहे त्यानं ८१३ घेऊ नये. ज्याचं सगळं बोलणं ४० आणि २० मीटरवर आहे, आणि भारतातल्या बहुतेक हॅमचं ते तसंच आहे, त्यानं बिनधास्त घ्यावा.

रशियन व्हॉल्व्ह हा वेगळाच प्रांत आहे. जीयू-५० मूळ जर्मन टेलेफुंकनच्या एलएस-५० चा सोव्हिएत अवतार. युद्धानंतर सोव्हिएत संघानं तो दशकानुदशकं बनवला. त्याच्या डोक्यावर धातूची टोपी असते आणि तिला पकडायला मूठ, कारण लष्करी सेटमधून तो अंधारात, हातमोजे घालून, ओढून काढता यावा लागे. त्याचं सॉकेट म्हणजे ओतीव धातूचा डबा; व्हॉल्व्ह त्यात आत जाऊन बसतो. १२.६ व्होल्टचा हीटर, प्लेटला हजार व्होल्ट, १२० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा. हजार व्होल्टचा सप्लाय दोन हजारांपेक्षा सोपा, कंडेन्सर स्वस्त, बँडस्विच साधा चालतो. चार जीयू-५० चा लिनियर हा म्हणूनच नव्या बांधणाऱ्यासाठी मला सर्वांत समंजस पर्याय वाटतो, फक्त सॉकेटसकट मिळाले तरच घ्यावेत. जीआय-७-बी, जीयू-७४-बी हे धातू आणि सिरॅमिकचे, जोरात वारा मागणारे, ताकदीनं आडदांड. एक जीयू-७४-बी चारशे वॅट झोपेत देईल. पण २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर तिकडून येणारा माल आणि टपाल दोन्ही विस्कळीत झालं. ज्याची राखीव जोडी आज हातात नाही अशा व्हॉल्व्हभोवती ॲम्प्लिफायर उभारणं धोक्याचं आहे, हे त्या वर्षी अनेकांना नव्यानं समजलं.

वारा हा शब्द कागदावर दुर्लक्षला जातो. ४-सीएक्स-२५०-बी च्या अंगावर पातळ पात्यांचा धातूचा मुकुट असतो. त्या पात्यांतून दाबानं हवा ढकलली नाही तर २५० वॅट पेलण्याची त्याची क्षमता जवळपास नाहीशी होते. संगणकातला पंखा तिथं चालत नाही, ब्लोअरच लागतो, आणि ब्लोअर घोंघावतो. ३-५००झेडला तर प्लेटवर ताकद नसली, नुसता फिलामेंट पेटलेला असला, तरी खालून हवा हवी, कारण काच आणि पाय जिथं जुळतात तो सांधा तापून तडकतो. ८१३ ला आजूबाजूला मोकळी जागा आणि वर जाळी एवढंच पुरतं. छोटा पंखा लावला तर आयुष्य वाढतं. आराखड्यांतले आकडे थंड देशांत लिहिलेले असतात. चंद्रपुरात मे महिन्यात खोलीतच चाळीस-बेचाळीस अंश असतात, तिथं ते आकडे सैल हातानं खाली ओढावेत. आणि रत्नागिरी-मालवणात गोष्ट निराळी: खारी दमट हवा आणि धूळ मिळून इन्सुलेटरवर जो थर बसतो त्यावरून दोन हजार व्होल्ट वाट काढतात. तिथं पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी फिलामेंट पेटवून डबा आतून कोरडा ठेवणारे हॅम मला माहीत आहेत.

ट्रान्सफॉर्मर हा सगळ्यात जड आणि सगळ्यात महाग भाग. पुण्यात बुधवार पेठेच्या तापकीर गल्लीच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्यांत अजून वाइंडिंग करून देणारे कारागीर आहेत. त्यांना ‘दोन हजार व्होल्ट’ म्हटलं की ते साहजिकच बिचकतात, कारण इतक्या व्होल्टेजला थराथरांत कागद नीट बसला नाही तर आत ठिणगी पडते. म्हणून ८०० व्होल्टची सेकंडरी मागावी आणि फुल-वेव्ह डबलर लावावा. रिकाम्यावर बावीसशेहून थोडे जास्त, लोडवर दोन हजार मिळतात. हे कारागिरालाही पेलतं. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर भंगारात स्वस्त मिळतो आणि त्याचा व्होल्टेजही मोहात पाडणारा असतो. पण त्याच्या सेकंडरीचं एक टोक गाभ्याला जोडलेलं असतं, मधे मुद्दाम शंट घातलेले असतात आणि रिकामा असतानाही गाभा संपृक्त होऊन तापतो. लिनियरला स्थिर व्होल्टेज लागतो. हा ट्रान्सफॉर्मर तो देण्यासाठी बनलेलाच नाही.

जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर मात्र फेकू नका. पाय नेटवर्कच्या अँटेनाकडच्या बाजूला चारशे वॅटला ५० ओहमवर शिखराचे दोनशेच व्होल्ट असतात, तिथं तीन गँगचा कंडेन्सर समांतर जोडून छान चालतो. प्लेटकडच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर अंतराच्या पात्यांचा कंडेन्सर हवा, आणि तो आजकाल व्हॉल्व्हपेक्षा दुर्मिळ झाला आहे.

बाजारात व्हॉल्व्ह हाती आला की काय पाहायचं? लॅमिंग्टन रोडला एका दुकानदारानं मला कागदात गुंडाळलेला ८१३ दाखवला आणि म्हणाला, “बघा साहेब, आत मीटर लावून बघा.” मीटरनं एवढंच कळतं की फिलामेंट तुटलेला नाही आणि ग्रिडला चिकटलेला नाही. त्यापुढचं डोळ्यांनी. टोपीपाशी काचेला केसासारखी चीर आहे का? बेस काचेवर ढिला फिरतो का? ८०७ सारख्या व्हॉल्व्हमध्ये काचेच्या आत चंदेरी डाग असतो, गेटर म्हणतात त्याला. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, विषय संपला. मेगर असेल तर प्लेट आणि ग्रिडमध्ये लावून गळती पाहावी. वर्षानुवर्षं पडून राहिलेला व्हॉल्व्ह घरी आणल्यावर लगेच हाय व्होल्टेजला लावू नये. आधी काही तास नुसता फिलामेंट पेटता ठेवावा, मग कमी व्होल्टेजनं सुरुवात करावी. काचेच्या आतल्या बाजूवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ते भटक्या इलेक्ट्रॉनांमुळे काचेचं चमकणं आहे. प्लेट आणि ग्रिड यांच्यामधल्या पोकळीत जांभळट धूर भरल्यासारखा दिसला तर तो गॅस, आणि तो व्हॉल्व्ह बाजूला ठेवायचा. ८११-ए किंवा ८१३ ची प्लेट लाल दिसता कामा नये. ३-५००झेडची मंद लाल होते आणि ते अपेक्षित आहे. त्याच्या प्लेटचा तापलेला पृष्ठभागच आतला उरलासुरला गॅस शोषतो.

३-५००झेड बनवणाऱ्या आयमॅकची गोष्ट प्रत्येक हॅमला माहीत असावी. बिल आयटल आणि जॅक मॅक्युलो हे कॅलिफोर्नियातले दोघं हौशी रेडिओवाले. ते हाइंट्झ अँड कॉफमन या कंपनीत होते आणि आरसीएचे व्हॉल्व्ह त्या कंपनीला मिळत नसल्यानं तिथं स्वतःचे बनवायला शिकले. १९३४ मध्ये सान ब्रूनोत त्यांनी आयटल-मॅक्युलो काढली, आणि पहिला व्हॉल्व्ह, १५०-टी, हॅमना डोळ्यांसमोर ठेवून केला. हॅम लोक व्हॉल्व्ह त्याच्या मर्यादेपलीकडे चालवतात हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं, म्हणून त्यांनी प्लेटमधला गॅस बनवतानाच पूर्ण उकळून काढण्याचं तंत्र घट्ट केलं. पुढं त्यांचे व्हॉल्व्ह अमेरिकन नौदलाच्या रडारमध्ये गेले. हौसेसाठी बनवलेली वस्तू युद्धात उभी राहिली, कारण हौसेच्या माणसांनी ती निर्दयपणे वापरून पाहिली होती.

आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून रेडिओचे रिसीव्हिंग व्हॉल्व्ह आणि १९६७ पासून ट्रान्समिटिंग व्हॉल्व्ह बनवले. घरोघरच्या रेडिओत बीईएलची अक्षरं असलेले ते छोटे व्हॉल्व्ह होते, आणि दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यांतून ते अजून निघतात. ती परंपरा इथल्या हॅमना जवळून लाभली, याचा मला अभिमान वाटतो.

आज कोणी विचारेल, एवढं कशाला? पन्नास व्होल्टवर चालणारा एक एलडीमॉस ट्रान्झिस्टर हजार वॅट देतो. खरं आहे. ज्याला नुसते वॅट हवेत त्यानं तोच घ्यावा. स्वस्त पडेल, हलका होईल आणि दोन हजार व्होल्टची भीती राहणार नाही. पण अँटेनाची वायर तुटली, आउटपुट उघडं पडलं, तर संरक्षण नसलेला ट्रान्झिस्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो. व्हॉल्व्हची प्लेट लाल होते, तुम्ही पाहता, हात बटणावर जातो. शिकणाऱ्याला हे दोन सेकंद मिळतात, आणि त्या दोन सेकंदांत तो जे शिकतो ते पुस्तकात सापडत नाही.

भीतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ४५० व्होल्टचे ३३० मायक्रोफॅरडचे सहा कंडेन्सर ओळीनं जोडले तर ५५ मायक्रोफॅरड होतात. दोन हजार व्होल्टवर त्यांत ११० जूल साठतात. माणूस मारायला हे पुरेसं आहे आणि वीज बंद केल्यावरही ते तिथंच असतं. प्रत्येक कंडेन्सरवर ४७ किलोओहमचा, निदान पाच वॅटचा रेझिस्टर लावला तर व्होल्टेज पन्नासच्या खाली यायला साधारण एक मिनिट लागतं. म्हणून झाकण उघडण्याआधी पूर्ण एक मिनिट थांबायचं, मग लाकडी दांड्याला बांधलेली अर्थची वायर प्लेटला लावायची, आणि ती तिथंच ठेवून काम करायचं. झाकणाला असा स्विच हवा की ते उचललं की मेन्स तुटेल. काका तर खोलीत दुसरं कोणी असल्याशिवाय हाय व्होल्टेज लावू देत नाहीत. “एक हात खिशात,” हे त्यांचं वाक्य प्रत्येक नव्या मुलाला ऐकावं लागतं.

पहिल्यांदा चालू करताना अँटेना नव्हे, डमी लोड जोडायचा. आधी फिलामेंट, मग बायस, मग प्लेट. ८१३ ला स्क्रीनचा वेगळा सप्लाय असेल तर प्लेटवर व्होल्टेज नसताना स्क्रीनवर कधीही देऊ नये. प्लेटकडे जाणारे इलेक्ट्रॉन सगळे स्क्रीनवर पडतात आणि ती तार जळते. प्लेटच्या टोपीपाशी ४७ ओहमच्या रेझिस्टरवर तीन-चार वेढ्यांची छोटी कॉइल हवीच. ती व्हीएचएफवरचं भटकं ऑसिलेशन मारते. सिग्नल न देता प्लेटचा प्रवाह स्थिर आहे का, कंडेन्सर फिरवताना उगाच उडी मारतो का, हे पाहायचं. मग थोडा सिग्नल देऊन ट्यून करायचं, प्लेटचा प्रवाह खाली जातो ती जागा शोधायची, लोड वाढवायचा, पुन्हा ती जागा शोधायची.

इथवर आलं की बहुतेकांची नजर वॅटमीटरवर खिळते, आणि माझी तक्रार इथंच आहे. आपल्याला ४० मीटरवर ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी आहे, आणि सकाळी तिच्यावर देशभरातली नेट, म्हणजे ठरलेल्या वेळी भरणाऱ्या हॅमच्या बैठका, एकमेकांना खेटून चालतात. रिगचा ड्राइव्ह पूर्ण वर नेऊन शेवटचे तीस वॅट ओढले की व्हॉल्व्ह वाकतो, सिग्नल अडीच-तीन किलोहर्ट्झच्या जागी दुप्पट-तिप्पट पसरतो आणि शेजारच्या नेटवरच्या कोणाचं तरी बोलणं गाडलं जातं. त्या तीस वॅटनं ऐकणाऱ्याचा काटा हलत नाही, अर्ध्या डेसिबलचाही फरक पडत नाही. म्हणून लिनियर हवेत नेताना दूरच्या माणसाकडून रिपोर्ट मागण्याआधी पाच-सहा किलोमीटरवरच्या हॅमला फोन करा. त्याला तुमच्या फ्रिक्वेन्सीपासून ५ किलोहर्ट्झ वर आणि ५ किलोहर्ट्झ खाली ऐकायला सांगा. तिथं तुमचा आवाज कुरकुरत असेल तर ड्राइव्ह कमी करा, लोड थोडा वाढवा, आणि त्याला पुन्हा ऐकायला सांगा.